शेपट्या वर!

पहिले दोन दिवस एका ओळीत संपवते: पाऊस, ओले बूट, आणि एकही फुलपाखरू नाही. फुलपाखरांसाठी म्हणून काढलेल्या ट्रिपमध्ये फुलपाखरंच नसली की माणसं एकमेकांच्या रेनकोटवर टीका करायला लागतात, हे तेवढं नवीन समजलं.

जंगलाचं नाव लिहीत नाही. मागे एकदा एका जागेचं नाव हौसेनं लिहिलं होतं, पुढच्या वर्षी तिथली पायवाट दुप्पट रुंद झालेली पाहिली. उत्तरेकडचं, थंड हवेचं जंगल. खाली ओढ्याकाठी हेझल आणि ऑल्डर, मधे बर्च, वर चढलं की पाइन. जूनचा शेवट. एवढं पुरे.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाऊस थांबला. आम्ही नऊ जण आणि गाइड. गाइड माणूस वाईट नाही, पण त्याच्या पायांत मोटर आहे. 'चला पुढे' हे त्याचं आवडतं वाक्य. ओढ्याकाठच्या हेझलच्या झुडपाशी मी थांबले, कारण एक पान कुणीतरी कात्रीनं कापत आणल्यासारखं दिसत होतं. मधली शीर शाबूत, दोन्ही बाजूंनी पान खात खात आत आलेलं. आणि त्या खाल्लेल्या काठावर ओळीनं अळ्या. मोजल्या, सोळा होत्या. काळं चकचकीत डोकं, निळसर हिरवं अंग, दोन्ही टोकांना पिवळा-नारिंगी रंग, अंगावर काळे ठिपके. एवढ्या देखण्या अळ्या की मी नुसती 'अय्या' म्हणाले.

गाइडनं मागे वळून पाहिलं. "सुरवंट आहेत कसले तरी. पतंग होतील. चला पुढे."

मीही मान हलवली. हे कबूल करायला हवं. मीही त्याच समजुतीत होते.

ताई माझ्यासोबत फक्त हवापालटासाठी आली होती. किड्यांमध्ये तिला काडीचा रस नाही. वाटेतली डहाळी बाजूला सारताना तिचा हात त्या फांदीला लागला, फांदी हलली, आणि सोळाच्या सोळा अळ्यांनी एकदम शेपट्या वर केल्या. एकदम म्हणजे अक्षरशः एकदम, कवायतीत हुकूम सुटावा तशा. पुढच्या पायांनी पानाची कड धरलेली आणि मागचं अर्धं अंग पाठीवर वाकवलेलं, इंग्रजी एससारखं. त्याच क्षणी एक उग्र, नकोसा वास आला.

"शी! हे काय गं?" ताई म्हणाली. मग जरा वाकून, चष्मा नाकावर खाली ओढून बघत राहिली. "आणि याला एवढे पाय कशाला?"

तेवढ्या एका प्रश्नानं माझ्या पोटात गोळा आला.

कारण उत्तर मला माहीत होतं. मुलांच्या निसर्ग शिबिरात मी ते स्वतः सांगितलेलं आहे, फळ्यावर चित्र काढून. फुलपाखराच्या किंवा पतंगाच्या अळीला छातीशी तीन जोड्या खरे पाय, आणि पोटाखाली मऊ, मांसल पोटपायांच्या जास्तीत जास्त पाच जोड्या. त्याहून जास्त दिसल्या तर ती अळी फुलपाखराची नव्हेच, पतंगाचीही नव्हे. ती सॉफ्लायची. नावात फ्लाय असली तरी ही माशी नाही. मुंग्या, मधमाश्या, गांधीलमाश्या यांच्या नात्यातली, आणि त्या सगळ्यांच्या आधीपासून पृथ्वीवर असलेली. मादीच्या पोटाच्या टोकाशी करवतीसारखी दातेरी पाती असतात, त्यांनी ती पानात किंवा कोवळ्या फांदीत चीर पाडून अंडी घालते. मराठीत करवतमाशी म्हणायला हरकत नाही. हे सगळं मला पाठ होतं. फक्त मी पाय कधी मोजले नव्हते.

"थांब," मी म्हणाले आणि भिंग काढलं.

"अगं, सगळे पुढे गेले."

"जाऊ देत."

शेपट्या वर असल्यामुळे पोटाची बाजू आयतीच समोर होती. खरे पाय तीन जोड्या, टोकदार. मग पोटाचं पहिलं वलय, तिथे काही नाही. आणि दुसऱ्या वलयापासूनच पोटपाय सुरू: एक, दोन, तीन, चार, पाच, सहा आणि टोकाशी सातवी जोडी. पायांच्या मधोमध बारीक पिवळट फोडांसारखं काहीतरी बाहेर येत होतं नि परत आत जात होतं. वासाच्या ग्रंथी त्या. तीनदा मोजलं. ताईनं चौथ्यांदा मोजलं आणि आठ आले, मग आमचं भांडण झालं, मग तिनं पाचव्यांदा मोजून सातच असल्याचं मान्य केलं.

हेझल सॉफ्लाय. शास्त्रीय नाव क्रेसस सेप्टेन्ट्रिओनॅलिस. चित्रांत शंभरदा पाहिलेली.

मोजता मोजता एक सोपी खूण माझ्या नीट लक्षात आली, ती सांगते. सगळे पाय मोजणं जमत नसेल, म्हणजे अळी वळवळत असेल किंवा पान आड येत असेल, तर खऱ्या पायांच्या मागची मोकळी जागा बघा. फुलपाखराच्या अळीत खरे पाय संपल्यावर निदान दोन वलयं बिनपायाची जातात. इथे एकच जातं. डोळ्याचीही एक खूण सांगतात: सॉफ्लायच्या अळीच्या डोक्यावर दोन्ही बाजूंना एकेकच, टाचणीच्या डोक्यासारखा ठसठशीत काळा ठिपका असतो, फुलपाखराच्या अळीला बारीक बारीक पाच-सहा ठिपक्यांचा पुंजका असतो. पण या बाईसाहेबांचं डोकंच काळं कुळकुळीत, तिथे कसला ठिपका दिसतोय! अशा खुणा छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी ही अळी पाहिलेली नसावी. मीही नव्हती पाहिली, आणि मीही सांगायचे.

आम्ही तिथे पाऊण तास होतो. पुढच्या वळणावर ग्रुप वैतागून बसला होता. मी गाइडला सांगितलं, ते सुरवंट नव्हते. तो म्हणाला, "सारखंच की हो." सारखंच कसं? सुरवंटांसाठी म्हणून जी बीटीची जिवाणू फवारणी करतात, ती या अळ्यांवर चालत नाही. फवारणारा फवारत बसतो आणि या खात बसतात. हे मी त्याला जरा जास्तच मोठ्या आवाजात सांगितलं. उरलेला दिवस तो माझ्याशी तुटक बोलला. ताईचं म्हणणं, चूक माझी होती. असेल.

चौथ्या दिवशी वरच्या पाइनमध्ये मी नुसती फांद्यांची टोकं बघत चालले. एका झाडावर जुन्या सुया साफ आणि टोकाला यंदाच्या नव्या सुयांचा तेवढा झुबका शिल्लक, बाटली घासायच्या ब्रशसारखा. त्याखाली अळ्यांचा घोस, याही सॉफ्लायच्याच. गवताच्या काडीनं हलकेच स्पर्श केला तर सगळ्यांना एकदम झटका, आणि काडी लागली तिच्या तोंडावर एक पारदर्शक थेंब. बोटाला लावून पाहिला: चिकट, राळेचा वास. पाइनचीच राळ या आतड्याच्या पुढच्या भागातल्या पिशव्यांत साठवतात आणि शत्रूवर काढतात. बोट संध्याकाळपर्यंत चिकटत होतं, फोनला, नकाशाला, ताईच्या शालीला. त्याच दुपारी छत्रीसारख्या पांढऱ्या फुलांवर हिरवी-काळी प्रौढ सॉफ्लाय पाहिली, एक लहान माशी पकडून खात होती. अळी असताना शाकाहारी आणि मोठेपणी शिकारी, असं काहींचं असतं. ग्रुपमधले एक काका 'गांधीलमाशी, गांधीलमाशी' करत दोन पावलं मागे सरले. कंबर बघा ना, मी म्हणाले. कंबर कुठे आहे तिला? छातीपासून पोटापर्यंत एकसारखी, सरळ. गांधीलमाशीसारखी चिमटलेली कंबर सॉफ्लायला नसते, आणि ती डंखही मारत नाही.

'कंबर बघा' म्हणाले आणि माझं मलाच काहीतरी आठवलं.

सहा वर्षांपूर्वी कुंडीतल्या गुलाबावर मला पिवळट हिरव्या, काळ्या ठिपक्यांच्या अळ्या मिळाल्या होत्या. बरणीत घातल्या, रोज ताजी पानं दिली, तळाशी माती टाकली. अळ्या मातीत गेल्या, कोष केले. मी पतंगाची वाट बघत बसले. आणि एका सकाळी बरणीत काळ्या डोक्याचा, पिवळ्या पोटाचा, धुरकट पंखांचा किडा. दुसऱ्या दिवशी आणखी दोन. पतंगांच्या कोषात परजीवी गांधीलमाश्या अंडी घालतात आणि आतला जीव खाऊन बाहेर येतात, हे मी वाचलेलं होतं. म्हणजे माझे पतंग गेले! मी चक्क रडले होते. त्या किड्यांना खिडकीबाहेर हाकलताना एक शिवीही दिली होती.

त्या रात्री मुक्कामी पोचल्यावर फोनमधले जुने फोटो काढले. बाहेर परत पाऊस. बरणीतल्या 'खुन्याचा' फोटो मी तेव्हा पुरावा म्हणून काढून ठेवला होता. मोठा करून पाहिला. कंबर नाही. मिशांचा शेवटचा भाग एकच, लांबच लांब, दांडीसारखा. सॉफ्लायच्या आर्गे वंशाची ही ओळखच आहे. त्याच फोल्डरमध्ये गुलाबाच्या कोवळ्या फांदीचाही फोटो सापडला. एका बाजूनं वाकलेली, आणि वाकली तिथे झिपच्या दातांसारखी चिरांची दुहेरी ओळ. अंडी घातल्याची जागा. 'फांदीला काहीतरी रोग' असं मी तेव्हा फोटोखाली लिहिलेलं.

म्हणजे कुणी कुणाला खाल्लं नव्हतं. मी पाळलेल्या अळ्याच धडधाकट मोठ्या होऊन बाहेर आल्या होत्या, आणि मी त्यांना हाकलून लावलं.

ताईला उठवून सांगितलं. ती अर्धवट झोपेत म्हणाली, "मग आता पत्र लिहितेस का त्यांना?" आणि कूस बदलली.

पाचव्या दिवशी ऊन पडलं, फुलपाखरंही आली, सगळ्यांचे चेहरे उजळले. मी फार फोटो काढले नाहीत. परतीच्या प्रवासात 'सुरवंट' नावाचं फोल्डर उघडून बसले. एकशे बारा फोटो. पाय मोजत मोजत नऊ बाहेर काढले, त्यांना नवीन फोल्डर केलं. तीन फोटोंत पान नेमकं पायांवर आलेलं आहे. ताईचं म्हणणं, त्या तीनपैकी एकीची शेपटी जरा वर आहे. मला तसं वाटत नाही. अजून वाद चालू आहे.