एकवीस पत्रींची आमची बाग

गणपतीच्या आदल्या दिवशी बाजारात पत्रीची, म्हणजे पूजेत वाहायच्या एकवीस प्रकारच्या पानांची, जुडी मिळते. ती सोडली की निम्मा पाला टेकडीवरून ओरबाडून आणलेला, कशाचा ते विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. गुरुजी शमीपत्र म्हणतात, आपण हाताला लागेल ते पान वाहतो. मला हे फार खटकायचं. म्हणून कोथरूडच्या आमच्या सोसायटीत दोन इमारतींमधल्या पडीक पट्ट्यात पत्रीची बाग करू, असं मी सर्वसाधारण सभेत मांडलं.

होकार लगेच मिळाला नाही. डास होतील, पाणी कुठून आणणार, तेवढ्या जागेत चार गाड्या लागतील, असं बरंच ऐकून घ्यावं लागलं. पण तळमजल्यावरच्या आजोबांचा प्रश्न रास्त होता: धोतरा विषारी, रुईचा चीक डोळ्यांत गेला तर इजा होते, मग मुलांचं काय? ही दोन्ही झाडं मागच्या भिंतीला, जाळीच्या आड लावायची असं ठरलं. मग त्याच आजोबांनी ठरावाला अनुमोदन दिलं.

माती म्हणजे नुसता राडारोडा होता. तो उपसल्यावर घराघरांतलं निर्माल्य गोळा करायला लागलो. हारातले दोरे आणि प्लास्टिक काढायचं, सुक्या पानांचा थर द्यायचा, आठवड्याला खालीवर करायचं. दोनेक महिन्यांत काळं, भुसभुशीत खत झालं. देवाला वाहिलेली फुलं पिशवीत बांधून नदीत टाकण्यापेक्षा मला हे जास्त धर्माचं वाटतं. जोडीला जीवामृत हे घरी करायचं पातळ खत: वीस लिटर पाण्यात किलोभर शेण, लिटरभर गोमूत्र, पाव किलोच्या आतबाहेर गूळ, तेवढंच बेसन आणि मूठभर माती.

खरी बाग उभी केली ती मात्र आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी. त्या मुळशीकडच्या. पहिल्या पावसानंतर आम्ही तण समजून जे उपटायला निघालो होतो, त्यातला आघाडा आणि माका त्यांनी बोट ठेवून दाखवला. डोरली आणि विष्णुक्रांता त्या गावाहून घेऊन आल्या. तोवर त्यांच्याशी आमचं बोलणं भांडी आणि सुट्टी यापलीकडे जात नव्हतं. आता सकाळी त्या झाडांमधून फिरतात आणि समितीचे लोक मागे उभे राहून ऐकतात. जाईच्या वेलाची फांदी कुठे छाटायची हे शिकवलं वरच्या मजल्यावरच्या वसईच्या काकूंनी. त्या ख्रिस्ती, माहेरी फुलांची वाडी. गणपतीच्या पूजेसाठी वेल वाढवताना त्यांना कधी संकोच वाटला नाही. हात मातीत घालण्याआधी त्या क्रूसाची खूण करतात, मग काम सुरू.

हादगा झपाट्याने वाढला, त्याच्या फुलांची भजी नवरात्रात सगळ्यांनी मिळून केली. पिंपळ आणि अर्जुन लावले नाहीत, एवढ्याशा जागेत ते मावणार नाहीत आणि पिंपळाच्या मुळांनी भिंत फुटते. पिंपळाची पानं जवळच्या पारावरून मागून आणतो. देवदार तर हिमालयातला, त्याच्या नावाने आम्ही अक्षता वाहतो. जे नाही त्याच्या जागी अक्षता चालतात, ही सोय शास्त्रातच आहे, आणि खोटं पान वाहण्यापेक्षा मला ती प्रामाणिक वाटते.

यंदा चतुर्थीला मुलांनी यादी हातात घेऊन पत्री तोडली. मरवा चुरगळून वास घेतला, बेलाची त्रिदलं निवडली, तुळस एरवी गणपतीला वाहत नाहीत, आज का, म्हणून आजोबांना विचारलं. माझ्या घरी पूजा नेहमीपेक्षा लांबली. प्रत्येक नावाला ते झाड डोळ्यांसमोर येत होतं, ते कुणी लावलं, उन्हाळ्यात कुणी जगवलं तेही. तोंडपाठ मंत्र मी आयुष्यभर ऐकला, पण देव समोर आहे असं मला त्या सकाळी वाटलं.

केवडा अजून नाही. त्याला पाणी भरपूर लागतं आणि पानं काटेरी. टाकीच्या वाहून जाणाऱ्या पाण्याजवळ कुंपण घालून लावता येईल का, हे पुढच्या सभेत मांडणार आहे.