बिल्टीपासून बीएलपर्यंत : आमची वाटचाल

आप्पांनी १९९२ साली जुना ट्रक घेतला तेव्हा धंदा साधा होता. जाताना कोल्हापूरचा गूळ, येताना मिळेल ते. ऑफिस म्हणजे शाहू मार्केट यार्डात ओळखीच्या अडत दुकानातलं एक टेबल आणि त्यावर बिल्टीबुक. बिल्टी म्हणजे माल ताब्यात घेतल्याची ट्रान्सपोर्टवाल्याची पावती. कंपन्यांतले लोक तिला एलआर, म्हणजे लॉरी रिसीट, म्हणतात. आप्पा तिच्यावर एक शब्द ठळक लिहायचे, 'पेड' किंवा 'टू पे'. पेड म्हणजे भाडं पाठवणाऱ्याचं, टू पे म्हणजे माल सोडवून घेणाऱ्याचं. कॉलेजच्या सुटीत मी टेबलावर बसायचो. एकदा टू पेच्या जागी पेड लिहिलं. पलीकडच्यानं माल हसत उतरवून घेतला आणि भाड्याचं विचारल्यावर बिल्टी पुढं केली. आप्पा मला काही बोलले नाहीत. त्या वर्षी दिवाळीला मला कपडे नव्हते, एवढंच.

पुढं शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचं कास्टिंग, म्हणजे धातूचे ओतीव भाग, जर्मनीला जायला लागलं. मालक म्हणाले, "बंदरापर्यंत नेताय, तर पुढचंही तुम्हीच बघा की." मी हो म्हणून बसलो आणि फॉरवर्डर झालो. फॉरवर्डर जहाजात जागा घेतो, कागद जुळवतो. कस्टमपुढं मालकाच्या वतीनं उभा राहतो तो कस्टम ब्रोकर, आणि त्याला वेगळं लायसन लागतं. ते आमच्याकडं तेव्हाही नव्हतं, आजही नाही. उरणजवळच्या न्हावा शेवा बंदरातल्या ब्रोकरकडून ते काम करून घेतो. तो भरतो ते 'शिपिंग बिल'. नाव ऐकून आमच्या पहिल्या गिऱ्हाइकानं "किती रुपयांचं?" म्हणून विचारलं होतं. ते पैशांचं बिल नव्हे, निर्यातीचं कस्टमला दिलेलं घोषणापत्र.

भाड्याचा हिशेब मला कास्टिंगनं आणि चपलांनी शिकवला. वीस फुटी कंटेनरमध्ये साधारण ३३ घनमीटर जागा असते. कास्टिंग भरलं की तळ जेमतेम झाकतो आणि वजनाची मर्यादा संपते. वरचा निम्मा डबा हवा घेऊन जर्मनीला जातो. कोल्हापुरी चपलांचं नेमकं उलटं. ६० बाय ४० बाय ४० सेंटिमीटरचं खोकं काट्यावर ९ किलो भरलं, पण विमानाचं भाडं लागलं १६ किलोचं. लांबी, रुंदी, उंची गुणायची आणि ६००० नं भागायचं. येईल ते आणि काट्यावरचं, यात जे जास्त त्यावर भाडं. तेव्हापासून चपलांच्या गिऱ्हाइकाला मी आधी मोजपट्टी काढायला सांगतो. अख्खा कंटेनर आपला असेल तर एफसीएल, चार जणांच्या मालात आपली खोकी बसवली तर एलसीएल. आप्पांच्या भाषेत फुल लोड आणि पार्ट लोड.

बीएल, म्हणजे बिल ऑफ लेडिंग, आप्पांना दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "ही बिल्टीच की." बरोबर होतं, फक्त ही बिल्टी जास्त कडक. नेहमीच्या पद्धतीत तिच्या तीन मूळ प्रती निघतात आणि मूळ प्रत दाखवल्याशिवाय पलीकडं माल सुटत नाही. म्हणून पैसे हातात येईपर्यंत ती पाठवायची नाही.

एफओबी या निर्यातीच्या भावाच्या अटीनं आमच्या एका गिऱ्हाइकाचा वर्षभराचा नफा खाल्ला. भाव दिला 'एफओबी न्हावा शेवा', म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतचा सगळा खर्च विकणाऱ्याचा. यांनी धरलं होतं फक्त कोल्हापूर ते उरण ट्रकभाडं. टर्मिनलचे चार्जेस, ब्रोकरची फी, लाकडी पॅलेटवर उष्णता-प्रक्रियेचा शिक्का, हे धरलंच नव्हतं. सीआयएफ या दुसऱ्या अटीत फसगत वेगळी. समुद्राचं भाडं आणि विमा विकणारा भरतो, पण जोखीम मात्र माल आपल्याकडच्या जहाजावर चढला की घेणाऱ्याची.

आता २०१९ चा ऑगस्ट. गोकुळ शिरगावला दोन कंटेनर भरून उभे होते आणि पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं. न्हावा शेवा नदीच्या पलीकडं, आम्ही अलीकडं. पुढं-मागं ट्रकांची रांग, ड्रायव्हरांना आमच्याच घरून पोळी-भाजी. बंदरात माल पोचवायची शेवटची वेळ, तिला कट-ऑफ म्हणतात, ती टळली. जहाज गेलं, बुकिंग पुढच्या जहाजावर ढकललं. ट्रक अडकला म्हणून ट्रकमालकाचं हॉल्टिंग लागलं. कंटेनर ठरलेल्या फुकट दिवसांपेक्षा जास्त आमच्याकडं राहिला म्हणून शिपिंग लाइनचं डिटेन्शन, तेही डॉलरमध्ये. ट्रकवाले सगळ्यालाच डॅमरेज म्हणतात, पण जहाजाच्या धंद्यात डॅमरेज म्हणजे भरलेला कंटेनर बंदराच्या आत फुकट दिवसांपलीकडं पडून राहिला तर लागतं ते. आमचे डबे बंदरात पोचलेच नव्हते. मी पुराचे फोटो, बातम्यांची कात्रणं पाठवली. उत्तर आलं : पूर मान्य आहे, पण डबा तुमच्या ताब्यात होता. बरीच पत्रं झाल्यावर थोडी सूट मिळाली. उरलेलं फाउंड्रीनं आणि आम्ही निम्मं निम्मं सोसलं.

तेव्हापासून पॅकिंग पूर्ण झाल्याचा फोटो आल्याशिवाय आम्ही शिपिंग लाइनच्या यार्डातून मोकळा कंटेनर उचलत नाही. आणि पावसाळ्यात सकाळी चहाआधी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतो. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ धोक्याची. मी ३५ लाच गाड्या थांबवतो. गिऱ्हाइकांना ते पटत नाही. २०२१ च्या जुलैत महामार्ग पुन्हा बंद झाला तेव्हा आमचा एकही डबा नदीच्या अलीकडं नव्हता, आणि एक गिऱ्हाईक चार दिवस आधीपासून फोनवर "ऊन पडलंय की हो!" म्हणून ओरडत होतं.