नकाशांसकट हवं होतं

मेक्सिकोच्या लष्करी इतिहासावरची जुनी पुस्तकं मी जमवते. त्यात सगळ्यात जास्त ओढ होती ती १८४८ साली मेक्सिको सिटीत छापलेल्या 'अपुंतेस' (म्हणजे 'टिपणं') या पुस्तकाची. अमेरिकेशी झालेल्या युद्धात देशाचा अर्धाअधिक मुलूख गेला, आणि तह झाला त्याच वर्षी गिएर्मो प्रिएतो, मानुएल पाय्नो अशा १५ मेक्सिकन लेखकांनी आपण कसे हरलो ते छापून मोकळं केलं. पानिपताच्या बखरी वाचत वाढलेल्या मला हरलेल्या बाजूनं इतक्या लगेच, इतकं स्पष्ट लिहावं याचं फार अप्रूप वाटतं. त्या युद्धातला मेक्सिकोचा सेनापती सांता आना पुन्हा सत्तेवर आल्यावर १८५४ मध्ये या पुस्तकाच्या प्रती जाळायचा हुकूम निघाला होता.

शोध सुरू केला तो मेक्सिको सिटीतल्या दोन्सेलेस रस्त्यावर. कॅथेड्रलच्या मागच्या अंगाला जुन्या पुस्तकांची दुकानं तिथे ओळीनं आहेत. रविवारी ला लागुनियाचा बाजारही धुंडाळला. पुस्तक मिळतं, पण नकाशे मिळत नाहीत. लढायांचे आराखडे आणि सेनापतींची शिळाछाप चित्रं काढून, चौकटीत बसवून वेगळी विकली की जास्त पैसे येतात. पण सैन्य कुठे उभं होतं आणि तोफा कुठे होत्या, हे न दाखवणारं युद्धाचं पुस्तक घेऊन करायचं काय?

एक प्रत दुकानदारानं संपूर्ण म्हणून दाखवली. मी ग्रंथालयाची स्कॅन केलेली प्रत फोनवर उघडली आणि पानापानाशी ताडून पाहिलं. शिवणीपाशी बोट फिरवलं तर कागदाची अरुंद पट्टी हाताला लागली, म्हणजे तिथला घडीचा नकाशा पात्यानं कापलेला. ती प्रत सोडली.

पुढे मिळालेल्या प्रतीची बांधणी नंतरची होती, कसरीनं समासात भोकं पाडली होती, तांबूस ठिपकेही होते. पण नकाशे जागेवर होते. कागद चिंध्यांच्या लगद्याचा, अजून लवचीक. शतकाच्या शेवटी लाकडाच्या लगद्यावर छापलेली लष्करी पुस्तकं उलगडताना तुटतात, त्यांच्यापेक्षा ही म्हातारी कितीतरी धडधाकट. मेक्सिको सिटीतल्या चापुल्तेपेक किल्ल्यावरचा अमेरिकन हल्ला, १३ सप्टेंबर १८४७, मी दुकानात उभ्यानंच वाचून काढला.

घेण्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. १९७२ च्या कायद्यानुसार सोळाव्या ते एकोणिसाव्या शतकातले मेक्सिकोच्या इतिहासाचे दुर्मिळ, महत्त्वाचे छापील ग्रंथही राष्ट्रीय वारशात मोडतात. ते देशाबाहेर न्यायचे तर आधी राष्ट्रीय मानववंशशास्त्र व इतिहास संस्थेकडे चौकशी करावी लागते. मला हा कायदा रास्त वाटतो. माझी प्रत मी मेक्सिकोतच ठेवली आहे, पावतीसकट.

आता हवा आहे तो १८५० चा न्यूयॉर्कमध्ये छापलेला इंग्रजी अनुवाद. तो केला अल्बर्ट रॅम्सीनं, जो याच युद्धात अमेरिकेच्या बाजूनं कर्नल होता. त्यानं जागोजागी स्वतःच्या टिपा जोडल्या आहेत, आणि त्या मूळ पुस्तकाशेजारी ठेवून वाचायच्या आहेत.