तुटलेलं सूत

अमृत महोत्सवाच्या अंकासाठी आठवण लिहून पाठवा, असं शाळेचं पत्र आलं आणि मला सहावीतला शनिवारचा शेवटचा तास आठवला. वेळापत्रकात त्याचं नाव नीतिपाठ. शाळा मिशनची, त्यामुळे त्या तासाला बायबलमधल्या गोष्टी व्हायच्या. पण १९७४ साली आमच्या बाईंनी मनाशी घेतलं, की ज्या देशाच्या माणसांनी मुंबईत येऊन मराठी मुलांसाठी शाळा काढल्या, तो देश मुलांना ठाऊक हवा. तो देश म्हणजे स्कॉटलंड.

बाईंनी राजवाडे दाखवले नाहीत की बर्फाचे डोंगर दाखवले नाहीत. फळ्यावर नकाशा काढायला घेतला. पश्चिम किनाऱ्यावर खडू सारखा आत-बाहेर होत होता. "बघा, तुमच्या कोकणासारखंच. नुसत्या खाड्या!" वर्गातली अर्धीअधिक मुलं रत्नागिरीकडची, माझं गाव हर्णैजवळ. बाई म्हणाल्या, स्कॉटिश मिशनचं काम १८२३ मध्ये बाणकोटला सुरू झालं. पुढे १८२९ मध्ये जॉन विल्सन आणि त्यांची पत्नी मार्गारेट आले, तेसुद्धा मराठी शिकायला आधी बाणकोट-हर्णैलाच जाऊन राहिले. मार्गारेटबाईंनी मुंबईत मुलींच्या शाळा उघडल्या आणि १८३५ मध्ये इथेच त्यांचं निधन झालं. आमच्या हर्णैचं नाव त्या दिवशी पहिल्यांदा मी वर्गात, बाईंच्या तोंडून ऐकलं. घरी जाऊन ते आईला तीनदा सांगितलं.

पुढच्या शनिवारी बाई सुताची एक बाबीन घेऊन आल्या. "कुणाचे वडील गिरणीत सूत खात्यात आहेत?" सात-आठ हात वर झाले. मग डेव्हिड लिव्हिंग्स्टनची गोष्ट सुरू झाली. ग्लासगोजवळच्या ब्लँटायर गावात १८१३ मध्ये जन्म, आईवडील आणि पाच भावंडं मिळून एक खोली. दहाव्या वर्षी तो गिरणीत लागला. सकाळी सहा ते रात्री आठ, काम एकच : साच्यावर, म्हणजे सूत कातायच्या यंत्रावर, तुटलेलं सूत सांधायचं. पहिल्या आठवड्याच्या पगारातून त्याने लॅटिनचं व्याकरण विकत घेतलं. पुस्तक साच्यावर उघडं ठेवायचं आणि येता-जाता एकेक वाक्य वाचायचं. हाच पोरगा पुढे डॉक्टर होऊन आफ्रिकेत गेला.

"सूत सांधतात कसं?" बाईंनी विचारलं. एकालाही नीट सांगता येईना. "वडिलांना विचारून या," म्हणाल्या.

बाबा पहिल्या पाळीवरून येऊन चहा पीत होते. त्यांना हे विचारणारं आजवर कुणी भेटलं नव्हतं. त्यांनी आईच्या शिवणाच्या डब्यातलं रीळ घेतलं, दोरा तोडला, दोन्ही टोकं अंगठा आणि तर्जनीत धरली आणि चिमटीतच असा काही पीळ दिला, की जोड कुठे आहे ते कळेना. "दहा-बारा चात्यांवर एकदम तुटतं तेव्हा कळतं," ते म्हणाले. त्या रात्री मी दहा वाजेपर्यंत दोरे तोडत बसलो होतो. सोमवारी वर्गात बाईंच्या बाबीनीवर सांधा करून दाखवला. बाईंनी तो बोट फिरवून पाहिला आणि म्हणाल्या, "तुझ्या बाबांना माझा नमस्कार सांग." बाबांना सांगितल्यावर ते काही बोलले नाहीत, पण पुढच्या पालकसभेला इस्त्रीचा सदरा घालून आले.

लिव्हिंग्स्टनचा शेवट बाईंनी पूर्ण तास घेऊन सांगितला. तो १८६४ मध्ये स्वतः बोट हाकत मुंबईला आला होता. सोबत आणलेल्या चुमा नावाच्या आफ्रिकन मुलाला त्याने विल्सनसाहेबांच्या शाळेत ठेवलं. नाशिकला शरणपूरला गुलामगिरीतून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांची शाळा होती. जेकब वेनराइट तिथे शिकला. मे १८७३ मध्ये आजच्या झांबियात लिव्हिंग्स्टन वारला, तेव्हा हे दोघेही जवळ होते. सोबत्यांनी काळीज तिथल्याच झाडाखाली पुरलं. वेनराइटने प्रार्थना वाचली आणि झाडावर नाव कोरलं. देह मीठ लावून, उन्हात वाळवून, कापडात आणि सालीत बांधून दीड हजारावर किलोमीटर खांद्यावरून वाहत त्यांनी फेब्रुवारी १८७४ मध्ये समुद्रकाठी आणला. "मुंबईत आणि नाशकात शिकलेली मुलं होती ती," एवढं म्हणून बाई थांबल्या. मागच्या बाकांवरसुद्धा शांतता होती.

मोठेपणी मला जाणवलं, बाईंनी त्या देशाला नुसतं चांगलंच ठरवलं नव्हतं. त्या काळी स्कॉटलंडच्या गिरण्यांत येणारा बराचसा कापूस गुलामांनी वेचलेला होता, हेही त्यांनी त्याच तासाला सांगितलं. आम्ही प्रार्थनेला ज्या गोणपाटावर बसायचो, त्याचा ताग बंगालमधून स्कॉटलंडमधल्या डंडीच्या गिरण्यांत जायचा आणि त्याच गावात मेरी स्लेसर नावाची मुलगी अकराव्या वर्षापासून अर्धा दिवस गिरणीत, अर्धा दिवस शाळेत असायची, हेही. मेरी पुढे १८७६ मध्ये नायजेरियातल्या कॅलबारला गेली. तिथे जुळी मुलं अपशकुनी म्हणून टाकून देत, ती तिने घरी आणून वाढवली. बाई ख्रिस्ती, आमच्या घरी विठोबाची तसबीर. तासाच्या शेवटी बाई स्कॉटलंडमधल्या मुलांसाठी डोळे मिटून प्रार्थना करायच्या. आम्हाला म्हणायच्या, "तुम्ही तुमच्या देवाला सांगा." मी सांगायचो.

१९८२च्या गिरणी संपानंतर बाबांची गिरणी पुन्हा उघडली नाही. बाईही आता नाहीत.

दोन वर्षांपूर्वी लेकीकडे ग्लासगोला गेलो तेव्हा ब्लँटायरला गेलो. ती एक खोली आता संग्रहालयात जपली आहे. आमच्या चाळीतल्या खोलीसारखीच, सगळा संसार चार भिंतींत. बराच वेळ मी दारात उभा राहिलो. मग बाहेर येऊन बाकावर बसलो, गळ्यातल्या मफलरचा एक धागा ओढून तोडला आणि नातवाला म्हटलं, "हे बघ, तुझे पणजोबा असं करायचे." त्याच्या चिमटीतून धागा दोनदा निसटला. तिसऱ्यांदा पीळ बसला.