आमची वाटचाल: पान नऊवर थांबलेलं बोट

2009 ला बेळगावच्या उद्यमबागेत, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, भाड्याच्या शेडमध्ये सुरुवात केली, एक सेकंडहँड लेथ, मी आणि एक पोरगा. फाउंड्रीतनं कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग यायचा, लेथवर टर्न करून, म्हणजे कापून मापात आणून द्यायचा, दर तोंडी ठरायचा, चलनाच्या मागं पेननं आकडा टाकला की झालं काँट्रॅक्ट. आज कॉम्प्युटरवर चालणाऱ्या चार मशीन, तीन सीएनसी आणि एक व्हीएमसी, आणि अकरा माणसं आहेत. मधली वर्षं बँकेचा हप्ता, गेलेली लाईट आणि तिसऱ्या रेल्वे गेटला अडकलेला टेम्पो यातच गेली, ते सगळ्यांना माहितीच आहे, सोडा.

पुण्याकडच्या एका मोठ्या कंपनीचं पंप हाउसिंगचं वर्षभराचं काम आलं आणि सोबत काँट्रॅक्टचा चौदा पानी इंग्लिश ड्राफ्ट. तीन फेऱ्या झाल्या, तिसऱ्यात ‘माल मिळाल्यापासून 45 दिवसांत पेमेंट’ पक्कं झालं. चौथा मेल आला, लिहिलेलं काय तर फक्त फॉरमॅटिंग. पाचव्यात लाल अक्षरात पाच बदल, पत्ता, जीएसटी नंबर असलेच, मी तर पेन काढून बसलो होतो.

हिशेब आमची बायको बघते, खानापूरची आहे, बिल-चलन जुळवताना एकानं मोठ्यानं वाचायचं आणि दुसऱ्यानं बोट ठेवून बघायचं ही तिची पद्धत. ती तिसरा ड्राफ्ट वाचत होती, माझं बोट पाचव्यावर. पान नऊला बोट थांबलं. 45 तसेच होते, पण ‘माल मिळाल्यापासून’ जाऊन ‘क्वालिटी डिपार्टमेंटनं माल ॲक्सेप्ट केल्यापासून’ आलेलं, आणि तिथं लाल काहीच नाही. बदल चौथ्यातच घुसलेला, वर्डमधलं ट्रॅक चेंजेस, म्हणजे बदल लाल करून दाखवणारी सोय, बंद ठेवून, त्यामुळं पाचव्यातलं लाल हे फक्त चौथ्यानंतरचं दाखवत होतं. क्वालिटीवाल्यांनी दोन महिने शिक्काच नाही मारला तर आमचे 45 दिवस सुरूच होत नाहीत, बघा की!

मग वर्डमध्ये रिव्ह्यूमधलं कंपेअर, म्हणजे दोन फाईलींतला फरक दाखवणारी सोय, लावलं, जुनी फाईल म्हणून तिसरा, नवीन म्हणून पाचवा. अजून एक सापडलं, फिक्स्चरचा, म्हणजे मशीनवर कास्टिंग पकडून ठेवणाऱ्या साच्याचा खर्च आमचा पण मालकी त्यांची.

खरं म्हणजे छोट्या उद्योगांसाठीच्या एमएसएमईडी कायदा 2006 प्रमाणं, सरकारच्या ‘उद्यम’ नोंदणीत असलेल्या आमच्यासारख्या छोट्या युनिटचं पेमेंट गिऱ्हाइकाला 45 दिवसांपलीकडं लांबवता येत नाही, आणि माल पोचल्यावर 15 दिवसांत लेखी तक्रार नाही आली तर पोचलेला दिवसच ॲक्सेप्टन्सचा धरतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, दर महिन्याला चक्रवाढ व्याज. पण कायदा दाखवत बसलं तर पुढची ऑर्डर कोण देणार, त्यामुळं मी नुसती कंपेअर केलेली फाईल पाठवली, वर एक ओळ, ‘पान 9 एकदा बघाल का’. दोन तासांत उत्तर, टायपिंग मिस्टेक म्हणे. असू दे, मिस्टेक तर मिस्टेक. फिक्स्चरचं निम्मं-निम्मं खर्चावर मिटलं, मालकी त्यांचीच राहिली, तिथं मी नमलो.

आता प्रत्येक ड्राफ्ट तारीख टाकून ठेवतो, बोलणी चालू असताना पीडीएफ घेत नाही, वर्ड फाईलच मागतो, आणि जुळवायचं ते मागच्या ड्राफ्टशी नाही, आपण शेवटचं ‘होय’ म्हटलं त्याच्याशी.

सही झाली त्या दिवशी कुंदा, आमच्या बेळगावची मिठाई, घेऊन घरी गेलो. बायको म्हणाली, “अहो, कुंदा राहू दे, आधी सहीची कॉपी द्या इकडं, आणि बोट ठेवा.”