दादा, पिकअप की प्रीअँप?

गेल्या आठवड्यात पुन्हा एकानं विचारलं. कराडचा पोरगा. नवा बास गिटार करून घेतलाय, हातात पंचवीस हजार उरलेत. "दादा, आधी पिकअप बदलू की प्रीअँप?" (पिकअप म्हणजे तारांची थरथर पकडणारं चुंबक-वेटोळं, प्रीअँप म्हणजे तो आवाज वाढवणारं, घडवणारं बासच्या आतलं सर्किट.) माझा सागवानी पाचतारी बास बघून महिन्यातून एकदा तरी हा प्रश्न येतो आणि मी "आधी वाजव, मग बघू" म्हणून वेळ मारून नेतो. काहींना वाटतं मी भाव खातो. तसं नाही. खरं उत्तर द्यायचं तर एक प्रसंग सांगावा लागतो, आणि तो मी घरातही सांगितलेला नाही.

आधी हिशेब. बास २०१६ ला तयार झाला. पुढच्या दोन वर्षांत मी पिकअपच्या जोडीवर चौदा हजार, प्रीअँपवर अठरा हजार आणि जाड पितळी ब्रिजवर, म्हणजे तारांच्या घोडीवर, सहा हजार घातले. ब्रिजनं म्हणे सस्टेन वाढतो, म्हणजे स्वर लांबतो. वाढलाही असेल. पण ऑर्केस्ट्रात बास वाजवणारा माणूस अर्धा वेळ वाजलेली तार दाबून गप्प करण्यातच घालवतो, त्याला सस्टेन हवाय कशाला? हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही. तेव्हाचा मी तुमच्यासारखाच होतो. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत इअरफोन लावून पिकअपचे नमुने ऐकायचो, आणि मला त्यातला फरक कळायचा. अजूनही कळतो. पण तो शांत खोलीत, एकट्या बासचा.

तर, २०१८ चा गणपती. इचलकरंजी. पत्र्याचा मंडप, पंचमच्या, म्हणजे आर. डी. बर्मनच्या, गाण्यांचा कार्यक्रम. त्यांचे बासवादक टोनी वाझ यांनी त्या गाण्यांत बास काय वाजवलाय हे ज्यानं ऐकलंय, त्याला असल्या कार्यक्रमाआधी रात्री झोप लागत नाही. मला लागली नव्हती. नवा प्रीअँप बसवून जेमतेम तीन आठवडे झालेले. दोन नऊ व्होल्टच्या बॅटऱ्या, म्हणजे अठरा व्होल्ट, बेसची कळ अर्ध्याहून वर. आज दाखवतोच, अशा थाटात मी उभा.

चौथ्या गाण्याच्या पहिल्या अंतऱ्यात पायाखालची फळी थरथरायची थांबली. आवाज गेलाय हे आधी पायांना कळलं, मग कानांना. मी केबल जरा फिरवली. सगळ्या मंडपात खर्रर्र असा आवाज गेला, पुढच्या रांगेतल्या बायकांनी कानावर हात ठेवले, आणि मंडळाचा अध्यक्ष माझ्याकडे असा बघायला लागला की मी केबल सोडली ती सोडलीच. आणि मग जे केलं ते केलं. वाजवत राहिलो. म्हणजे बोटं चालवत राहिलो. मान हलवत, ड्रमरकडे बघून हसत, मुक्या बासवर अडीच गाणी.

पण बास ऐकू येत होता! कीबोर्डवाल्यानं एका मात्रेत ओळखलं होतं आणि डाव्या हातानं माझं सगळं काम उचललं होतं. मध्यंतरात तो माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, "राहू दे आता, मी धरतो. तू नुसता उभा राहा." मी नुसता उभा राहिलो. कार्यक्रम संपल्यावर मुख्य गायिका मुद्दाम जवळ आल्या आणि म्हणाल्या, "आज बास काय मस्त वाजला हो!" मी थँक्यू म्हणालो. कीबोर्डवाला तिथंच वायर गुंडाळत होता, त्यानं वर पाहिलं नाही. साउंडवाल्याला मी धीर करून विचारलं, तुला कळलं नाही का रे? तो म्हणाला, "दादा, मिक्सरवर तुमच्या आवाजाचा फेडर मी तिसऱ्या गाण्यालाच खाली घेतलेला. पत्रा घुमत होता."

दुसऱ्या दिवशी टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे बास उघडला. प्रीअँप ठणठणीत. पिकअप ठणठणीत. गेला होता तो जॅक, म्हणजे केबल खोचायचं भोक, जुनाच, बास बनवताना लावलेला. त्याचा नट सैल झालेला, त्यामुळे केबल घालता-काढताना अख्खा जॅक फिरायचा, आणि फिरून फिरून एक वायर डागापाशी तुटली. अॅक्टिव्ह, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या, बासमध्ये बॅटरीची वजा बाजू या जॅकवरूनच जाते. केबल घातली की जोडली जाते, काढली की तुटते. (म्हणूनच केबल तशीच लावून झोपू नका, बॅटरी उतरते.) वायर तुटली, बॅटरी सुटली, आणि अठरा हजारांचा प्रीअँप म्हणजे रस्त्यातला धोंडा. तो बाजूला सारून पिकअपचा आवाज थेट बाहेर सोडणारी कळ मी बसवूनच घेतली नव्हती. पॅनेलवर एक भोक जास्त दिसेल म्हणून!

चांगला जॅक साडेतीनशेला आला. डाग द्यायचे त्यानं पन्नास घेतले.

दुसरी गोष्ट मिरजेची. नवीन असल्यापासून माझ्या बासचे पहिल्या दोन-तीन पट्ट्यांवरचे (फ्रेटवरचे) स्वर चढे लागायचे, आणि पुढं सातव्या-आठव्या पट्टीच्या आसपास तार खरखरायची. मी दोष तारांना द्यायचो. मिरजेत सतारमेकरांच्या एका दुकानात तानपुरा आणायला मित्राबरोबर गेलो होतो, बास पाठीवर होता. म्हाताऱ्या कारागिरानं तो मागून घेतला, तारा एकेक दाबून पाहिल्या आणि म्हणाले, "ही खरखर घालवायचीय होय तुम्हाला? तानपुऱ्यात हीच आणायला आम्ही दिवसदिवस कानस मारतो." मग जवारी म्हणजे काय ते मला दाखवलं, घोडीच्या माथ्याला किती नकळत उतार दिलेला असतो ते. आणि बासचं दुखणं दोन मिनिटांत सांगितलं: वरची प्लॅस्टिकची पट्टी, म्हणजे तारांच्या खाचांचा नट (जॅकचा नव्हे), उंच आहे, तार दाबताना ताणली जाते, म्हणून स्वर चढतो. त्यांनी तिच्या जागी हाडाची पट्टी घासून बसवली आणि खाचा खोल केल्या. खरखर त्यांनी माझ्यावर सोपवली. बरोबरच होतं, पावसाळ्यात नेक, म्हणजे बासची मान, हलला होता, आतला ट्रस रॉड (मान सरळ ठेवणारी सळई) पाव फेरा सैल केल्यावर बरीचशी गेली, आणि राहिलेली एका गिटारवाल्याकडून पट्ट्या समतल करून घेतल्यावर.

एवढ्यानं माझा बास सुरात आला. चाळीस हजार जिरवल्यावर!

आता पिकअप फुकट गेले असं मात्र मी म्हणणार नाही, म्हणजे कराडवाल्यानं लगेच तसं समजू नये. जनरेटरवरच्या मंडपात, अर्थिंगच्या नावानं बोंब असताना, जुन्या सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याच्या) पिकअपचा घूंऽऽ आवाज दोन गाण्यांच्या मध्ये सगळ्या गावाला ऐकू जायचा. नवे पिकअप गप्प असतात. पाचव्या तारेबद्दल मला उलट शंका आहे. तिचा मोकळा स्वर, बी, ३१ हर्ट्झच्या आसपास वाजते, आणि आपल्याकडच्या बहुतेक स्पीकरांचा तिथं श्वास संपलेला असतो. ऐकू येतात ते तिचे वरचे स्वर. तरी ती तार काढायला हात होत नाही. तारा मी २०२० ला फ्लॅटवाउंड (चपट्या तारेनं गुंडाळलेल्या, गुळगुळीत) लावल्या, अजून त्याच आहेत. अमेरिकेतल्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचे बासवादक जेम्स जेमर्सन तुटल्याशिवाय तार बदलत नसत, हे कळल्यापासून माझ्या आळसाला इज्जत आलीय.

राहता राहिलं वजन, त्याबद्दल कुणी विचारत नाही. बास पाच किलो सहाशे ग्रॅम भरतो. आजोळचं घर पाडलं तेव्हा माजघरातली तुळई मी उचलून आणली, बॉडी तिची आहे. त्या लाकडानं आवाजात काही फरक पडतो का? आधी छातीठोक हो म्हणायचो. आता कुणी खोदून विचारलं तर विषय बदलतो. खांदा मात्र रोज रात्री दुखतो. कोल्हापूरच्या चप्पल लाइनमध्ये चार इंची चामड्याचा पट्टा शिवून घेतला, त्यानं निम्मं दुखणं गेलं. उरलेलं घालवायचं तर मागून बॉडी पोखरायची, पाऊण किलो कमी होईल, असं बास बनवणारा म्हणतो. तीनदा त्याच्याकडे घेऊन गेलो, तीनदा तसाच परत आणला. जिथं पोखरायचं, नेमकं तिथंच पाळण्याच्या कडीचं भोक आहे. आई त्याच पाळण्यातली. त्या भोकात मी मेण भरलंय, तरी मंडपाच्या उकाड्यात ते मऊ होतं आणि शर्टाला लागतं.

तर कराडकर, रविवारी बास घेऊन या. पैसे घरीच ठेवा. येताना जॅक बोटानं फिरवून बघा, फिरला तर तिथंच आवळू नका, आतली वायर पिळवटेल. मी उघडून देतो.