शून्य पूर्णांक पस्तीस

तिसऱ्या मुलाखतीच्या अकराव्या मिनिटाला सहावीतली एक मुलगी मला म्हणते, "ताई, पस्तीस मोठे ना आठापेक्षा." ०.३५ आणि ०.८ यांतली मोठी संख्या कुठली, असा प्रश्न होता. तिचं बोट ०.३५वर होतं. मी क्षणभरही न थांबता म्हणाले, "नीट बघ हं. आठच्या पुढे एक शून्य लिहून बघ बरं." तिनं शून्य लिहिलं, "ऐंशी मोठे" म्हणाली. मी शाब्बास म्हणाले आणि आम्ही पुढच्या प्रश्नाकडे वळलो.

मुलाखत कागदावर उतरवून माझ्या पीएचडीच्या मार्गदर्शक मॅडमना दिली. परत आली तेव्हा त्या ओळीशेजारी पेन्सिलीनं लिहिलं होतं : "इथे मुलाखत संपली आणि शिकवणी सुरू झाली."

गणित आणि विज्ञान शिक्षणात पीएचडी करते असं सांगितलं की लोक विचारतात, म्हणजे शिक्षक व्हायचा कोर्स का? नाही. शिकवायला मी आधीच शिकले होते, एमएस्सीनंतर चार वर्षं शिकवतही होते. इथे प्रश्न वेगळा आहे : एखादी कल्पना माणसाच्या मनात कशी रुजते, आणि कुठे अडते? पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमात मानसशास्त्र, विज्ञानाचा इतिहास आणि तत्त्वज्ञान, संख्याशास्त्र, संशोधनपद्धती असं सगळं येतं. सिद्धता वाचायची सवय असलेल्या मला ते निबंधवजा पेपर सुरुवातीला फार निसरडे वाटले. व्याख्या कुठे आहे, तेच सापडेना.

मग गणितशिक्षणाचे संशोधक स्टॅनली एर्लवांगर यांचा १९७३चा पेपर वाचला. एका बारा वर्षांच्या मुलाशी केलेल्या बोलण्यावर तो उभा आहे. मुलाचं नाव पेपरात बेनी. शाळेच्या हिशेबात हा हुशार, चाचण्यांत भराभर पुढे जाणारा. पण ५/१० दशांशात लिही म्हटलं की तो १.५ लिहायचा. पाच आणि दहा पंधरा, मग मध्ये एक टिंब. त्याचे असे कितीतरी नियम होते, तो ते सातत्यानं पाळत होता, आणि गणित म्हणजे कुणीतरी ठरवून ठेवलेले नियम, अशी त्याची पक्की समजूत होती. तो पेपर मी एका रात्रीत दोनदा वाचला. माझ्या वर्गात असे किती बेनी बसून गेले असतील, या विचारानं झोप लागली नाही.

मुलांशी असं बोलत बोलत त्यांचा विचार उलगडण्याची पद्धत स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी १९२०च्या दशकात घडवली. वाचायला सोपी वाटते. करताना कळतं की शिक्षकाची जीभ आधी बांधावी लागते. विज्ञानशिक्षणाच्या अमेरिकी संशोधक मेरी बड रो यांनी वर्गांच्या ध्वनिमुद्रणांवरून दाखवलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. ते तीन सेकंदांपर्यंत थांबू लागले, तर मुलांची उत्तरं लांबतात आणि जास्त मुलं बोलायला लागतात. हे वाचून मी मान डोलावली होती, परीक्षेत लिहिलंही होतं. आणि त्या अकराव्या मिनिटाला मी एक सेकंदसुद्धा थांबले नाही.

मॅडमच्या शेऱ्यानंतर ती मुलाखत पुन्हा ऐकली. एक मिनिटाचं बोलणं नीट उतरवायला मला सहा-सात मिनिटं लागतात, अडखळणं, हुंकार, गप्प राहणं, सगळं टिपायचं असतं. त्या वेळी पहिल्यांदा माझा स्वतःचा प्रश्न कानावर आला : "शून्य पूर्णांक पस्तीस मोठे की शून्य पूर्णांक आठ?" पस्तीस! ते तर मीच म्हणाले होते. टिंबानंतर तीन दशांश आणि पाच शतांश आहेत. मी त्यांना एका दमात पस्तीस करून तिच्या हातात दिलं, आणि तिनं पस्तीसची आठाशी तुलना केली. आपल्यातले कितीतरी जण रोज असंच वाचतात. "तीन पाच" म्हणणारेही आहेत, पण मी त्यांतली नव्हते.

पुढच्या मुलाखतींत मी संख्या वाचणं बंद केलं. दोन कार्डं समोर ठेवायची, "ही वाचून दाखव" म्हणायचं, आणि गप्प बसायचं. काही मुलं "तीन पाच" असं स्वच्छ वाचूनही ०.३५लाच मोठं म्हणाली, कारण तिथं अंक जास्त. म्हणजे सगळा दोष माझ्या वाचण्याचा नव्हता. एका मुलानं ०.८ मोठं सांगितलं. बरोबर! पण कारण विचारलं तर म्हणाला, "दशांश मोठा असतो, शतांश बारीक." मग मी ०.३ आणि ०.४७ ठेवले. त्यानं त्याच खात्रीनं ०.३ उचललं. लेखी परीक्षेत पहिल्या प्रश्नाला त्याला पूर्ण गुण मिळाले असते.

ही दोन्ही वळणं जुनीच आहेत. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लॉरेन रेझ्निक आणि सहकाऱ्यांनी १९८९मध्ये अमेरिका, इस्राएल आणि फ्रान्समधल्या मुलांच्या अशाच चुका मांडल्या. एक नियम पूर्ण संख्यांवरून आलेला : अंक जास्त ती संख्या मोठी. दुसरा अपूर्णांकांवरून : शतांश बारीक, म्हणून शतांश असलेली संख्या लहान. फ्रान्समध्ये दशांश आधी शिकवत, अपूर्णांक नंतर. तिथल्या मुलांत हा दुसरा नियम विरळाच दिसला. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो. मुलं चुकतात तीही आपण दिलेल्या खऱ्या ज्ञानातून. शतांश दशांशापेक्षा लहान असतो, हे त्या मुलाला कुणीतरी नीटच शिकवलं होतं.

मुलांचा विचार कुठे अडतो, हे दुसऱ्या विषयांतही शोधतात. माझ्या शेजारच्या टेबलावरचा मित्र तंत्रज्ञान शिक्षणात काम करतो. तो मुलांना एखादी वस्तू बनवण्याआधी तिचं चित्र काढायला सांगतो. चित्रात काठ्या असतात, पण त्या एकमेकींना कशा बांधल्या आहेत ते बहुतेक वेळा नसतं. सांध्याचा विचार हातात दोरी आल्यावर सुरू होतो. त्याच्या कामावर वेगळं लिहायला हवं.

दोन महिन्यांनी, शाळेची आणि तिच्या पालकांची पुन्हा परवानगी घेऊन, मी त्या मुलीकडे परत गेले. माझं शून्य तिच्या लक्षात असेल अशी भीती होती. तीच दोन कार्डं ठेवली. तिनं स्वतःच "शून्य पूर्णांक पस्तीस" वाचलं, ०.३५वर बोट ठेवलं, मग उचललं. मी टेबलाखाली हाताची बोटं घट्ट धरून ठेवली होती. तिनं कार्ड जवळ ओढलं.

"पण ताई," ती म्हणाली, "हे पस्तीस कशाचे आहेत?"

मुलाखत उतरवलेल्या कागदावर त्या ओळीच्या आधी कंसात लिहिलं आहे : (९ सेकंद).